वणवा विझवायला छोट्या विमानतळाचा खरंच काही उपयोग होतो का? जुहूचा होईल का?

होतो, आणि पुष्कळ होतो. जुहूला हेलिकॉप्टरच्या देखभालीत माझी 26 वर्षं गेली, त्यामुळे ‘एवढीशी धावपट्टी ठेवायची तरी कशाला’ हे तुमच्या प्रश्नाखालचं वाक्य मला झोंबलं. माझा मेव्हणा दर दिवाळीला हेच ऐकवतो.

2023 च्या ऑगस्टमध्ये मी मुलीकडे होतो, कॅलिफोर्नियात ग्रास व्हॅलीजवळ. तिथला विमानतळ म्हणजे एक धावपट्टी आणि थोडे हँगर. एका दुपारी डोंगरामागे धूर दिसला आणि तिथली आग विझवणारी एस-टू-टी विमानं उठली. ही मुळात अमेरिकी नौदलाची पाणबुड्या हुडकणारी विमानं. आता त्यांच्या पोटात साधारण 4,500 लिटरची टाकी असते. मी कुंपणाला चिकटून उभा होतो. विमान परत आलं, पंखे फिरतेच ठेवले, एक जण वाकून मागच्या बाजूने पोटाखाली शिरला आणि जाड होज जोडला. त्यातून भरतात ते मिश्रण म्हणजे पाणी, खतात असतं ते अमोनियम फॉस्फेट आणि वरून दिसावं म्हणून गेरूसारखा लाल रंग. होज काढताना थोडं सांडलं, त्या ओल्या डागावरूनच विमान वळून निघून गेलं. मी घड्याळ लावलं होतं. टेकल्यापासून उडेपर्यंत दहा मिनिटंसुद्धा नाहीत! जावई दोनदा बोलवायला आला, पण अंधार पडून उड्डाणं थांबेपर्यंत माझा पाय निघाला नाही.

सगळा हिशेब फेऱ्यांचा आहे. मोठं जेट माल जास्त नेतं, पण लांबून यायचं आणि भरायला लांब जायचं. आग आटोक्यात येते ती लहान असतानाच. म्हणून तिथल्या अग्निशमन खात्याने असे तळ राज्यभर पेरलेत, बहुतेक ठिकाणी 20 मिनिटांत विमान पोचावं या बेताने.

आपल्याकडे हे काम वायुदलाची एमआय-17 हेलिकॉप्टरं करतात, खाली बांबी बकेट, म्हणजे पाण्याची मोठी बादली, लटकवून. 2022 ला सरिस्कात सिलिसेढ तलावातून पाणी उचललं, 2024 ला नैनितालच्या वणव्यात भीमतालमधून. पाणी तलाव देतो. इंधन आणि तपासणी मात्र जवळच्या तळावरच होते, आणि ते अंतर वाढलं की फेऱ्या घटतात.

आता जुहू. 3 डिसेंबर 2018 ला गोरेगावचा डोंगर पेटला तेव्हा मी दिंडोशीला भावाच्या गच्चीवर होतो. चढावर बंब पोचत नव्हते, माणसं फांद्यांनी आग झोडपत होती. तिथून जुहू हवेतून दहाएक किलोमीटर, विहार तलाव तर शेजारीच. हे मी मेव्हण्याला सांगितलं तर म्हणतो, “भाऊजी, पंचवीस वर्षांतून एकदा आग लागणार म्हणून आम्ही गळक्या छताखाली राहायचं का?” पार्ल्यातली त्याची इमारत फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या वाटेखालच्या पट्ट्यात आहे, उंची मिळत नाही म्हणून पुनर्विकास अडलाय.

एक मान्य करायला हवं, ती आग संध्याकाळी लागली आणि रात्रभर चालली. अंधारात बकेटचं काम सहसा होत नाही, म्हणजे त्या रात्री जुहूचा उपयोग झाला नसता. शिवाय वरून टाकलेलं पाणी आग थोपवतं, विझवतात खालचीच माणसं. मेव्हण्याचं दुखणंही खरं आहे. उंची अडलेल्या इमारतींना सरकारने दुसरीकडे वापरता येईल असा टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क, द्यावा, आणि लवकर द्यावा. पण 1928 पासूनची धावपट्टी एकदा टॉवरखाली गेली की पुन्हा मिळणार नाही, आणि या मुद्द्यावर मी येत्या दिवाळीतही मागे हटणार नाही.