बिडीची सुट्टी, बिडीशिवाय

प्रश्न : रावेर भागात केळीचे घड वाहायला जातो. बिडी सोडली की सकाळी पोट साफ होत नाही, डोकं भणभणतं. शिवाय मुकादम बिडीपुरतं बसू देतो, नुसतं बसलं की ओरडतो. काय करू?

उत्तर : भाऊ, पोट आणि डोक्याचा त्रास तंबाखूतलं निकोटीन तुटल्यामुळे होतो. पहिला आठवडा जड जातो, ३-४ आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. उठल्यावर भरपूर पाणी प्या, जेवणात पालेभाजी वाढवा. उपाशीपोटी तलफ जास्त छळते, म्हणून भाकरीऐवजी बिडीवर भागवणं आधी बंद करा.

पण ओझी वाहणाऱ्या माणसाला टेकायलाही बिडीचं निमित्त लागावं, हे मला फार लागलं. एकट्याने सुट्टी मागितली तर कामचोर ठरवतील. टोळीतले दोघे-तिघे मिळून मुकादमाकडे जा आणि सांगा, बिडीला देता तेवढाच वेळ पाण्याला द्या. त्या वेळात ओढणाऱ्यांपासून लांब बसा, फुटाणे तोंडात टाका. तलफ काही मिनिटांत उतरते.

उठल्यापासून अर्ध्या तासात बिडी लागतेच, असं असेल तर सरकारी दवाखान्यात निकोटीन गमबद्दल विचारा. तो सारखा चघळायचा नसतो. हळू चावायचा, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. चहा प्यायल्यावर १५ मिनिटं थांबूनच घ्या.

प्रश्न : धुळ्याहून लिहिते. ह्यांनी बिडी सोडली, पण आता तंबाखू-चुना मळतात. चालेल का?

उत्तर : नाही ताई. निकोटीन तेच आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका मोठा. त्यांनी बिडी सोडून दाखवली आहे, तीच जिद्द इथे लागू द्या.

प्रश्न : मी धडगाव भागात आशा सेविका आहे. कॅन्सरचे फोटो दाखवूनही पाड्यावरचे पुरुष ऐकत नाहीत.

उत्तर : ताई, तसा फोटो त्यांच्या खिशातल्या बंडलावर रोजच असतो. आधी विचारा, "दादा, दिवसाची पहिली बिडी कधी लागते?" आणि त्यांना बोलू द्या, त्यांच्या पावरीत किंवा भिलीत. सुरुवात टीबीचं औषध चालू असलेल्या घरांपासून करा. बिडीमुळे टीबी होण्याची, बरा होऊन उलटण्याचीही शक्यता वाढते, हे तिथे पटकन पटतं. सोडायचा दिवस त्यांनाच ठरवू द्या, पण ऊसतोडीला गुजरातेत जाण्याच्या निदान पंधरा दिवस आधीचा. म्हणजे अवघड दिवस तुमच्या नजरेसमोर जातील. रेंज मिळेल तिथून तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक स्वतः लावून द्या. कुणी पुन्हा ओढली तर रागावू नका, नाहीतर पुढच्या भेटीला तो तुम्हाला पाहून शेताकडे निघून जाईल. कशामुळे ओढली ते विचारा आणि नवा दिवस ठरवा.