बावीस हजार दिरहम आणि तिसऱ्यांदा चौथी

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोपेचं खोबरं झालं. ठाण्यात राहता, मुंबईतल्या मीडिया एजन्सीत अकरा वर्षं काढलीत, आता असोसिएट डायरेक्टर आहात, दुबईतून महिना २२,००० दिरहमची ऑफर आहे पण अजून तोंडीच, पत्र यायचंय. बायको शिक्षिका, मुलगा तिसरीत. आणि विचारता एवढंच, की या पदाला हा पगार बरोबर आहे का आणि तिकडे एकटं वाटतं का. व्हिसा, एमिरेट्स आयडी, मेडिकल यातलं मी काहीच सांगणार नाही. ते सरकारी साइटवर आहे, आणि कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, हाताला धरून करून घेतो.

मी ऑक्टोबर २०१२ मध्ये पुण्याहून आले. तेव्हाही मीडिया बाइंगमध्ये, म्हणजे क्लायंटच्या जाहिरातींसाठी माध्यमांत जागा विकत घेण्याच्या कामात होते, आजही आहे. ऑफर आली त्या रात्री मी आणि नवऱ्याने कालनिर्णयच्या पानामागे गुणाकार केला होता. दिरहम तेव्हा पंधरा रुपयांच्या आसपास होता. तुम्हीही चोवीसने गुणून बघितलं असणार, नाही म्हणू नका. आकडा बघून बरं वाटतं, पण घरभाडं, शाळेची फी, पोळीभाजीचा डबा, सगळं दिरहममध्येच जातं. रुपयाचा हिशोब फक्त उरलेल्या पैशाला लावायचा. माझ्या बाबतीत सांगायचं तर तेरा वर्षांच्या पगारवाढींपेक्षा रुपयाच्या घसरणीनेच मला जास्त दिलंय. कंपनीचं त्यात काहीच कर्तृत्व नाही.

आता २२,००० चं. हा आकडा बरोबर की चूक ते तो कसा फोडलाय त्यावर आहे. इथे पगार म्हणजे बेसिक (मूळ पगार), हाउसिंग, ट्रान्सपोर्ट आणि 'अदर' नावाची एक पिशवी. दर महिन्याला बँकेत सगळं एकत्रच जमा होतं, त्यामुळे फोड कशी आहे याने काही बिघडत नाही असं वाटतं. बिघडतं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर धरतात: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचा. बेसिक ४० टक्के, म्हणजे ८,८०० असेल तर वर्षाला ६,१६० दिरहम. तोच ६० टक्के, म्हणजे १३,२०० असेल तर ९,२४०. पाच वर्षांत १५,४०० दिरहमचा फरक, तेवढ्याच कामाचा, तेवढ्याच पगाराचा. न घेतलेल्या रजेचे पैसे बेसिकवर. २०२३ पासून नोकरी जाण्याचा जो सक्तीचा विमा आहे त्यात जास्तीत जास्त तीन महिने ६० टक्के मिळतात, तेही बेसिकचेच. पीएफ नाही. आपल्याकडे सीटीसीत, म्हणजे एकूण पॅकेजमध्ये, मालकाचा पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी घालून आकडा फुगवतात म्हणून आपण वैतागतो ना, इथे फुगवत नाहीत. इथे सगळं महिन्याच्या महिन्याला हातात देऊन टाकतात आणि म्हातारपणाचं तुमचं तुम्ही बघायचं.

माझं बेसिक ४० टक्के होतं. मी विचारलंच नव्हतं. पत्रात चार ओळी होत्या, मी शेवटची, बेरजेची वाचली.

दुसरं म्हणजे, मीडियातला पगार तुमच्या हुशारीवर ठरतो हा समज मुंबईतच सोडून या. बहुतेक मोठे क्लायंट एजन्सीला माणसांच्या हिशोबाने फी देतात: या अकाउंटवर, म्हणजे या क्लायंटच्या कामावर, दोन प्लॅनर, अर्धा डायरेक्टर, पाव ट्रेडर. हो, अर्धा माणूस. त्या एक्सेल शीटमध्ये तुमच्या खुर्चीचा भाव तुम्ही विमानात बसायच्या आधीच ठरलेला असतो. म्हणून वाटाघाटीत 'मी किती लायक आहे' हे सांगण्यापेक्षा 'मी कुठल्या अकाउंटवर, किती टक्के' हे विचारा. एकाच माणसाला दीडशे टक्के विकलेलं मी स्वतः पाहिलंय. तो माणूस मीच होते.

मुंबईत आपण छाती काढून सांगतो, 'दोनशे कोटींचं अकाउंट सांभाळते.' इथे मुलाखतीत मी तेच सांगितलं तर समोरची बाई नुसती हसली. अख्ख्या अमिरातीची लोकसंख्या एक कोटीच्या घरात. आयपीएलचे स्पॉट, दहा सेकंदांचे दर, मराठी-गुजराती-हिंदी वाहिन्यांची मोट बांधून थोड्या पैशात पोहोच काढणं, हे आपलं कसब, आणि त्याला इथे गिऱ्हाईक नाही. इथे भाव आहे तो पाच-सहा देशांचे बजेट एका टेबलावरून हलवण्याला, मीडिया मालकांशी वर्षाचे सौदे करून उलाढालीवर परतावा आणण्याला (त्यावर एजन्सीचा खरा नफा उभा असतो, म्हणून ट्रेडिंगवाले प्लॅनिंगवाल्यांपेक्षा रुबाबात असतात), आणि अरबीला. अरबी बोलणारा लेबनीज किंवा इजिप्शियन क्लायंटच्या खोलीत बसतो, आपण बाहेर प्रेझेंटेशनचा डेक बनवतो. तेरा वर्षांत मी 'शुक्रन' आणि 'यल्ला' च्या पुढे गेले नाही. ही माझीच चूक, कुणाच्या माथी मारत नाही.

आणि पासपोर्ट. पगार त्यावरही ठरतो हे कुणी लिहून देणार नाही, पण माझ्याच पदावर, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या एका गोऱ्या सहकाऱ्याचं पगाराचं पत्र प्रिंटरवर राहिलं होतं. मी उचललं, पाहिलं आणि उलटं करून ठेवलं. त्या दिवशी दुपारी मी जेवले नाही. संध्याकाळी त्यानेच माझ्याकडून रेट कार्ड समजावून घेतलं.

बाजाराचंही थोडं सांगते, कारण ऑफर टिकेल का याच्याशी त्याचा संबंध आहे. सौदीने १ जानेवारी २०२४ पासून नियम केला की प्रादेशिक मुख्यालय सौदीत नसेल तर सरकारी कंत्राटं मिळायची नाहीत. एमबीसी हा मोठा अरबी टीव्ही समूह. ती त्याआधीच, २०२२ मध्ये, दुबईहून रियाधला मुख्यालय घेऊन गेली. बजेट तिकडे सरकतंय, आणि त्याच्या मागोमाग खुर्च्या. तुमच्या पत्रात 'गरजेनुसार प्रदेशात कुठेही' अशी ओळ असेल तर ती शोभेची नाही. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात ग्रुपएम या बड्या मीडिया एजन्सी समूहाचं डब्ल्यूपीपी मीडिया झालं, नोव्हेंबरात ऑम्निकॉम या जाहिरात समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह गिळला. दोन ग्रुप एक झाले की बाइंगची दोन डेस्क एक होतात. एकावर दहा माणसं आणि दुसऱ्यावर दहा, की एकत्र मिळून वीस, असं गणित एजन्सीत कधीच नसतं.

रमजानही लक्षात ठेवा. टीव्हीवरच्या जाहिरातींचा सगळ्यात महाग महिना तोच, आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मी आले तेव्हा तो इथल्या भर उन्हाळ्यात, जुलैच्या आसपास होता, आता फेब्रुवारीत आलाय. वर्षाच्या सुरुवातीलाच पैसा उडतो, मग बोनस ठरायच्या वेळेपर्यंत सगळे तंगडी पसरून बसलेले असतात.

आता ऑक्टोबरचं सांगते. हे पगाराच्या प्रश्नात बसत नाही, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, जुन्या एजन्सीत नव्या क्लायंटसाठीची एक पिच अडकलेली, म्हणून निघता निघता ऑक्टोबर उजाडला. नवी कंपनी म्हणाली, लगेच या. आम्ही लगेच गेलो. पुढच्या वर्षी जुलैत आमचे सीए फोनवर म्हणाले, 'मॅडम, सप्टेंबरच्या शेवटाआधी निघायला काय झालं होतं?' एप्रिलपासून भारतात १८२ दिवस भरले होते, त्यामुळे त्या आर्थिक वर्षात मी रहिवासीच धरले गेले आणि 'टॅक्स-फ्री' दुबईच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगारावर भारतात कर भरला. दोन आठवड्यांनी चुकले. तुम्ही तारीख ठरवताना कॅलेंडर समोर घ्या.

कर गेला तर गेला. मुलीचं अजून सलतं.

ती पुण्यात मराठी शाळेत चौथीत होती. तेव्हा स्कॉलरशिपची परीक्षा चौथीलाच असे. बाई तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवून सराव करून घेत. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, त्यावर लाल पेनाने १०० पैकी ८४, ८८, ९१. अर्ध्या वर्षात तिला उचललं. इथे भारतीय शाळा एप्रिलला सुरू होतात, ऑक्टोबरात कुठे जागाच नव्हती. मिळाली ती ब्रिटिश शाळेत, फी तिप्पट, वर्ग इयर फाइव्ह. त्यांचं इयर फाइव्ह म्हणजे आपली चौथी. दाखल्यासाठी काय धावपळ झाली विचारू नका: शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, त्याचं भाषांतर, मग शिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का. माझे वडील वयाच्या सत्तराव्या वर्षी डेक्कन क्वीनने तीनदा मुंबईला गेले. तिसऱ्यांदा गेले कारण दाखल्यावर आईचं नाव माझं माहेरचं होतं आणि पासपोर्टवर सासरचं. गॅझेटची प्रत घरी कपाटात पडलेली.

एप्रिलमध्ये फी परवडेना म्हणून तिला भारतीय शाळेत हलवायला गेले. तिथली बाई शांतपणे म्हणाली, इयर फाइव्ह जूनमध्ये संपतं, तुमचं पूर्ण झालेलं नाही, सबब चौथीच. म्हणजे पुण्यात अर्धी चौथी, ब्रिटिश शाळेत अर्धी चौथी आणि आता अख्खी. तिसऱ्यांदा चौथी. मी भांडले, पत्रं लिहिली, शेवटी सही केली. पोरगी काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर तिने फक्त एवढं विचारलं, 'मग स्कॉलरशिपला पुण्याला जायचं का?' आज ती बावीस वर्षांची आहे, चांगली नोकरी करते, आणि वर्ष वाया गेलं असं तिला वाटतही नाही म्हणे. त्या प्रश्नपत्रिका मी अजून टाकलेल्या नाहीत.

तुमचा मुलगा तिसरीत आहे. वर्ष संपवून, एप्रिलला आणा. कंपनी 'लगेच' म्हणाली तर तुम्ही एकटे पुढे या. आणि बायकोच्या डिग्रीचं अटेस्टेशन तुमच्याबरोबरच करून घ्या, 'नंतर बघू' म्हणू नका. त्यांनाही शिकवायचं असेल तर ती डिग्री लागेल, आणि दोन नावांचा घोळ असेल तर गॅझेटची प्रत आत्ताच कपाटातून काढून ठेवा.

एकटेपणाचं विचारलंत. करामा भागात वडापाव मिळतो, बर दुबईत चैत्रात गुढीचं साहित्य मिळतं, विमान तीन तासांचं आहे. होईल सवय. (विमान तीन तासांचंच आहे, पण तिकीट काढायला रजा लागते आणि रजा रमजान संपल्याशिवाय मिळत नाही. वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. असो.)

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझा पगार कमी राहिला तो एका फॉर्ममुळे. २०१२ मध्ये अर्जात 'सध्याचा पगार' असा रकाना होता आणि मी प्रामाणिकपणे भरला, स्लिपसकट. त्यांनी त्यावर थोडी वाढ दिली, मी आनंदाने घेतली. पुढची प्रत्येक टक्केवारी त्याच आकड्यावर बसली. दोनदा नोकरी बदलली तरी नव्या कंपनीने आधी तोच प्रश्न विचारला. पुण्यातला एक पगार तेरा वर्षं माझ्या पाठीवर बसून दुबईभर फिरला.

मागच्या महिन्यात मी एका मुलाची मुलाखत घेतली. मुंबईतच काम करणारा, मूळचा नागपूरचा, फार चांगला. एचआरने मला आधीच सांगून ठेवलं होतं, सध्याचा पगार तेवढा काढून घे, तुझ्याशी मोकळा बोलेल. मुलाखत इंग्रजीत झाली. शेवटी लॅपटॉप बंद करता करता मी मराठीत विचारलं, 'हातात किती येतात रे सध्या?' मराठीत विचारलं म्हणून त्याने खरं सांगितलं. वर 'ताई' म्हणाला. मी आकडा एचआरला पाठवला. त्याला काय ऑफर गेली ते मला माहीत आहे, आणि त्याच खुर्चीसाठी शीटमध्ये किती धरलेत तेही.

तुमचं पत्र यायचंय अजून. ते यायच्या आधी बेसिक किती धरणार ते ईमेलवर विचारा, ६० टक्के मागा, अकाउंट कुठलं ते विचारा. आणि जुना पगार अजून सांगितला नसेल तर सांगू नका. मराठीत विचारला तरी.