खेळाडू आणि पिलाटीज : तुमचे प्रश्न

मोठमोठे खेळाडू पिलाटीज हा व्यायामप्रकार करतात, म्हणजे त्याने कुठलंही दुखणं बरं होतं, हा समज पत्रांतून पुन्हा पुन्हा समोर येतो. म्हणून काही प्रश्नांची उत्तरं एकत्रच देते आहे.

पिलाटीज आणि योगासनं एकच ना?

नाही. पिलाटीजमध्ये आसन धरून थांबण्यापेक्षा धड स्थिर ठेवून हातपाय हलवण्यावर भर असतो.

मी कुस्ती खेळतो. तालमीतले म्हणतात, हा बायकांचा व्यायाम. (कोल्हापूर)

ऐकीव गोष्ट आहे. १८८३ साली जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटीज स्वतः बॉक्सर होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं, तेव्हा ते सोबतच्या बंदिवानांकडून व्यायाम करून घेत. पुढे न्यूयॉर्कला त्यांच्याकडे नर्तक-नर्तिका मोठ्या संख्येने येऊ लागल्या, एवढंच. ढाक हा डाव मारताना धडाला जो पीळ बसतो, तो सांभाळणारे खोलवरचे स्नायू या व्यायामाने तयार होतात. जोर-बैठका मात्र सोडू नका. मान पूर्वी दुखावली असेल तर पाय डोक्यामागे नेण्याचे प्रकार फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नका.

पिलाटीजने माझा हाफ मॅरेथॉनचा वेळ कमी होईल का?

थेट नाही. कंबर आणि नितंब दमल्यावरही डगमगले नाहीत तर धावण्याची ढब टिकायला मदत होते. वेळ कमी होतो तो धावण्याच्या सरावाने.

स्टुडिओवाले म्हणतात, रिफॉर्मर यंत्राशिवाय उपयोग नाही, वर्षाचं पॅकेज घ्या.

घेऊ नका. मूळ पद्धतीत सतरंजीवरचे व्यायाम भरपूर आहेत. रिफॉर्मर म्हणजे स्प्रिंगा लावलेला सरकता पाट. त्या स्प्रिंगांमुळे भार कमी-जास्त करता येतो. दुखापतीनंतर ते सोयीचं ठरतं, पण अनिवार्य नाही. आणखी एक लक्षात ठेवा. ‘पिलाटीज’ हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायालयाने २००० साली दिला. पाटी कोणीही लावू शकतो. शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण किती आणि कुठे झालं, हे पैसे भरण्याआधी विचारा.

मुलगा १६ वर्षांचा, वेगवान गोलंदाज. दोन महिने कंबर दुखते. विश्रांती घेतली की थांबतं, गोलंदाजी केली की परत सुरू. कोच म्हणतात, पिलाटीज लावा. (एक आई, सांगली)

आधी डॉक्टर. पिलाटीज नंतर.

असं पत्र आलं की मला काळजी वाटते, कारण बहुतेक वेळा उशीर आधीच झालेला असतो. चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का वर जातो आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळलेली असते. वाढीच्या वयात मणक्याच्या मागच्या कमानीचं हाड हे वारंवार सोसू शकत नाही. तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला बारीक चीर, होतं, उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डावीकडे. विश्रांतीने दुखणं थांबतं म्हणून सगळे फसतात. हाड भरलेलं नसतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा काही दिसत नाही, ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून मुलगा पुन्हा मैदानात उतरतो. एमआरआय लागतो. लवकर सापडलं तर काही महिने गोलंदाजी बंद ठेवून हाड जुळू शकतं. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये कमरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, २०२२ चा टी-२० विश्वचषक पाठीमुळेच हुकला आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्यामागे डॉक्टरांचा ताफा होता. तुमच्या मुलासाठी तुम्हीच आहात.

या अवस्थेत पिलाटीजच्या वर्गात पालथं झोपून छाती उचलायला लावली, तर नेमका त्याच जागी ताण येईल. दुखणं शमल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की पिलाटीज खरोखर कामाचं: श्वासावर लक्ष, मणका सरळ ठेवून हातपाय हलवणं, पाठीचा वरचा भाग आणि खुबे मोकळे करणं, म्हणजे सगळा पीळ कमरेवर पडत नाही. मग चेंडू मोजून, हळूहळू गोलंदाजी. कंबरदुखीसाठी पिलाटीज इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा पक्का पुरावा अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यालाही मिळाला नव्हता, हे कोचनाही सांगा. आणि या आठवड्यातच ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घ्या. तोवर एकही चेंडू नको.

पुढच्या आठवड्यात राज्य स्पर्धा आहे. आत्ता सुरू करू?

नको. नव्या व्यायामाने अंग दुखेल. स्पर्धा झाल्यावर फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या, मग सुरू करा.