बियाणे ग्रंथालय: भोपळा भलताच का निघाला?

प्रश्न: आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून बियाणे ग्रंथालय सुरू केलं, म्हणजे सभासद पेरायला बी नेतात आणि पीक आल्यावर त्याचं बी परत आणून देतात. परत आलेल्या भोपळ्याच्या बियांपासून भलतीच फळं आली आणि चवळीला भुंगे लागले. काय चुकलं?

उत्तर: भोपळ्याचा दोष मधमाश्यांनी आणलेल्या परागाचा आहे. जवळपास दुसरी जात असली की संकर होतो. त्या वर्षीचं फळ नेहमीसारखंच दिसतं, फरक पुढच्या पिढीत उघडा पडतो. म्हणून आदल्या संध्याकाळी उमलायच्या बेतातली नर आणि मादी फुलं दोऱ्याने बांधा. सकाळी नर फुलाचे पराग मादीला लावून ते पुन्हा बांधा आणि देठाला खुणेचा दोरा ठेवा. बी फक्त त्याच फळाचं. नवख्या सभासदांना आधी चवळी, घेवडा, टोमॅटोच द्या. ही पिकं सहसा स्वपरागी असतात, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतात. संकरित जातींचं बी मात्र स्वीकारूच नका.

भुंग्याची अंडी बहुधा शेतातूनच येतात. शेंगा सावलीत वाळवा. दाणा हातोडीने फुटला पाहिजे. नुसता चेपला तर ओल शिल्लक आहे, आणि ओलं बी गोठवलं तर मरतं. खणखणीत वाळलेलं बी हवाबंद बरणीत भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं.

वाटपाआधी 20 दाणे ओल्या कापडात ठेवून उगवण बघा. 14 पेक्षा कमी उगवले तर पाकिटावर तसं लिहा. कांद्याचं बी दरवर्षी नवंच घ्या.

टोमॅटोचं बी काढायच्या दिवशीच उरलेल्या गराचा सॉस करायला शिकवा; लोक आवर्जून येतात.