पत्रं मैदानावरची : तालुक्याच्या ग्राउंडवर कोण येतं बघायला?

पावसाळा निम्मा सरला की आमच्या सातारा जिल्ह्यात शालेय स्पर्धांची गडबड सुरू होते आणि पत्रंही वाढतात. यंदा बास्केटबॉल आणि मैदानी स्पर्धांवरचीच जास्त आलीयत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच.

मी बँकेतून रिटायर झालोय. घरातलं कोणी खेळत नाही, पण मला शाळेच्या मॅचेस बघायला फार आवडतात. अडचण अशी की पेपरात दोन ओळी आल्यावर कळतं, अरे काल आपल्याच गावात स्पर्धा झाली! आधी कळायला काय करायचं? (एक वाचक, कोरेगाव)

काका, तुमचं पत्र वाचून खरंच बरं वाटलं, कारण आपलं पोरगं खेळत नसताना ग्राउंडवर येणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी उरलीयत.

आधी गाडी कशी चालते ते सांगतो. शासनाच्या शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवतं, गट तीन, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, मुलं-मुली वेगळे. मैदानी स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. बास्केटबॉलला बहुतेक ठिकाणी तालुका नसतोच, टीमच मोजक्या असतात ना, थेट जिल्हा. मग विभाग, म्हणजे आपला कोल्हापूर विभाग, त्यात सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गही येतात, आणि जिथं महापालिका आहे ते शहर स्वतंत्र जिल्हा धरतात, म्हणून कोल्हापूरच्या दोन टीम दिसल्या तर गोंधळू नका. असे ८ विभाग राज्याला भिडतात, आणि तिथून निवडलेली मुलं महाराष्ट्राचा टी-शर्ट घालून राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातात.

तारखांचं म्हणाल तर वर्षाच्या सुरुवातीला तालुक्यातल्या सगळ्या क्रीडाशिक्षकांची मीटिंग होते, कुठला खेळ कुठल्या शाळेच्या ग्राउंडवर ते साधारण तिथंच ठरतं. म्हणून जवळच्या हायस्कूलच्या पी.टी. सरांशी ओळख काढा, दुसरा रस्ता नाही. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी एक फोन कराच, कारण पाऊस. आपला जिल्हाच असा आहे की महाबळेश्वरला धो धो कोसळत असतो आणि माण-खटाववरनं ढग नुसते जात असतात, त्यामुळे दहिवडीला ग्राउंड ठणठणीत कोरडं आणि त्याच दिवशी पाटणला घोट्याएवढा चिखल, मग तारीख पुढं.

एकच तालुका बघायचा असेल तर माणचा बघा असं मी सांगेन. ललिता बाबर याच माणातल्या मोहीची, शाळेत खो-खो खेळणारी पोरगी, पुढं लांब पल्ल्याकडं वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पळाली, दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिंपिक फायनलला पोचलेली ती पहिली भारतीय बाई, ३२ वर्षं मध्ये गेली होती. आता बघा, स्टीपलचेसला २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या लागतात, फक्कीने आखलेल्या तालुक्याच्या ग्राउंडवर पाण्याचा खड्डा कुठून येणार? म्हणजे तिची खरी शर्यत तालुक्यात कोणी बघितली असणं शक्यच नव्हतं, दिसला असेल तो फक्त तिचा दम. म्हणून मी तालुक्याला नंबर कमी बघतो, शेवटच्या राउंडला कुणाचे खांदे वर चढत नाहीत ते जास्त बघतो.

अजून एक विनंती. बँकेत होतात, अक्षर चांगलं असणार, एक दोनशेपानी वही घ्या आणि निकाल लिहून ठेवत जा. स्पर्धा संपली की निकालपत्रक फाईलला लागतं, आणि दोन वर्षांनी कोणी विचारलं, लांब उडीत कोण पहिलं आलं होतं, तर कोणालाच सांगता येत नाही. मागं मी एका शाळेत जुने निकाल शोधायला गेलो होतो. लोखंडी कपाट उघडलं तर वरच्या पत्र्यातनं पाणी गळून सगळे कागद एकाला एक चिकटून वीट झालेली, नखाने सोडवायला गेलो तर शाई बोटाला आली. त्यात किती पोरांची नावं होती कोणास ठाऊक. तेव्हापासून मी प्रत्येकाला वहीचं सांगतो.

माझी मुलगी १४ वर्षांखालील गटात १०० मीटर पळते. तालुक्याला टायमिंग १३.४ लागलं, जिल्ह्याला १३.९. दोन्हीकडं अंगात ताकद तेवढीच होती असं ती म्हणते. घरचे म्हणतात मेहनत कमी पडली, ती दोन दिवस जेवली नाही नीट. (एक आई, फलटण)

ताई, आधी तिला जवळ घ्या आणि सांगा की बहुतेक ती हळू पळालीच नाहीये. हे तिचं मन राखायला म्हणत नाही, कारण सांगतो.

तालुक्याला टायमिंग हातातल्या स्टॉपवॉचवर घेतात. टाइमकीपर उभा असतो शेवटच्या रेषेला, स्टार्टर १०० मीटर लांब, हातात दोन लाकडी फळ्यांचा क्लॅपर किंवा नुसती शिट्टी. नियम असा की आवाजावर नाही तर डोळ्याने बघून, पिस्तुलाचा धूर दिसला किंवा फळ्या मिटल्या की घड्याळ दाबायचं. पण समोर शंभर पोरं ओरडत असतात, टाइमकीपर बिचारा सकाळपासून उन्हात, तो आवाज ऐकूनच दाबतो. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. म्हणजे पोरगी सुटायला लागली तेव्हा कुठं घड्याळ चालू झालं, टायमिंग तेवढं कमी लागणार! शेवटी दाबताना मात्र माणूस आधीपासून तयार असतो, तिथं उशीर होत नाही, झालं तर जरा आधीच दाबलं जातं. हे इतकं ठरलेलं आहे की हातानं घेतलेलं १०० मीटरचं टायमिंग इलेक्ट्रॉनिकशी लावून बघायचं असेल तर जाणकार त्यात ०.२४ सेकंद मिळवूनच बघतात. जिल्ह्याला घड्याळ नीट दाबलं असेल किंवा इलेक्ट्रॉनिक असेल, तर तुमच्या १३.४ आणि १३.९ मधला निम्मा फरक इथंच गेला. उरलेला वारा, ओलं ग्राउंड, आणि शाळेच्या ग्राउंडवर १०० मीटर सरळ जागा मिळाली नाही म्हणून थोडी उताराला काढलेली लेन, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून तालुका आणि जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवून तिला रागवू नका. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, कितवी आली, शेजारच्या लेनमधली तीच पोरगी दोन्हीकडं होती का, तिच्यापेक्षा किती मागं किंवा पुढं, हे बघा. आणि पुढच्या वेळी तुम्ही स्टार्टला उभ्या राहू नका, सगळ्या आया तिथंच गर्दी करतात, तुम्ही शेवटच्या रेषेच्या अगदी सरळीत उभं राहून मोबाईलवर शूट करा, घरी सावकाश बघता येतं की शेवटच्या दहा मीटरला मान मागं जातीय का, हात छातीसमोर आडवे फिरतायत का. पोरींचं बरंच काही तिथंच हरवतं.

विभागाला किंवा राज्याला सिंथेटिक ट्रॅकवर पळायची वेळ आली तर स्पाईक्सचे, म्हणजे पळायच्या बुटांचे, खिळे आधी बघून घ्या. मातीतले लांब खिळे तिथं चालत नाहीत, ९ मिलिमीटरच्या वर नको. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी तपासणी होते तिथं, खिळे लांब निघाले म्हणून ऐन वेळी अनवाणी पळालेली मुलगी मी बघितलीय, तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

मी नववीत आहे. आमची बास्केटबॉल टीम जिल्ह्याला पहिल्याच मॅचला ५२-११ हरली. वर्गातली मुलं चिडवतात. सर म्हणतात पुढच्या वर्षी बघू. आम्ही खेळायचं चालू ठेवावं का? (एक विद्यार्थिनी, कराड)

ठेवायचं. अजिबात सोडू नका!

आता मला सांग, ते ५२ पॉइंट कसे झाले? तुला आठवत नसणार, आणि तुझ्या सरांनाही आठवत नसणार, कारण कोणी लिहिलंच नाही. टेबलवरच्या स्कोअरशीटवर कोणी किती पॉइंट काढले तेवढं कळतं, साध्या बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन पॉइंटचा असला तर खेळाडूच्या नंबराला गोल. पण बॉल तुमच्या हातातून कुठं गेला ते तिथं नसतं. माझा अंदाज सांगू? इतक्या फरकाने हरणाऱ्या शाळेच्या टीम शूटिंगमध्ये हरत नाहीत, त्या अर्ध्या कोर्टाच्या अलीकडंच हरतात. समोरची टीम बास्केट टाकून मागं पळत नाही, तिथंच अंगावर येते, आणि तुमच्या पोरीला ८ सेकंदात बॉल पलीकडं न्यायचाय, ती मान खाली घालून बॉलकडं बघत ड्रिबल करते, तिला समोरची दुसरी येताना दिसतच नाही, बॉल गेला, आणि लगेच ले-अप, म्हणजे रिंगखाली पळत येऊन टाकलेली सोपी बास्केट. असे पंधरा गेले की तीस पॉइंट झाले!

तर पुढच्या मॅचला बाहेर बसलेल्या एका मुलीच्या हातात वही दे आणि तिला दोनच गोष्टी लिहायला सांग. बॉल शॉट न मारता कितीदा गेला आणि कोर्टाच्या कुठल्या भागात गेला. दुसरं, प्रत्येक क्वार्टरला फाऊल किती झाले, कारण पाचव्या टीम फाऊलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो फुकट मिळतात आणि एकीचे स्वतःचे पाच फाऊल झाले की ती बाहेर, आणि ती तुमची उंच मुलगी असली तर, तुमच्याकडं उंच मुली किती असतील, एक नाहीतर दोन. तीन मॅचेसचं असं लिहून काढा आणि ती वही सरांच्या टेबलावर ठेवा. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे सर ती वही वाचून प्रॅक्टिस बदलतात की नाही बघ.

पावसात प्रॅक्टिस बुडते हे मला माहितीय, तुमचं कोर्ट उघड्यावरचं सिमेंटचं असणार. आम्ही गोणपाटाने पाणी टिपून घ्यायचो, दोघांनी दोन टोकं धरायची आणि रिंगच्या खालून मधल्या रेषेपर्यंत ओढत न्यायचं, पिळायचं, परत. अर्धा तास जायचा पण अर्धं कोर्ट तरी मिळायचं. ओल्या जागी पळू मात्र नका, उभ्या उभ्या पासिंग करा.

आणि चिडवणाऱ्यांना एक सांग. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलेले गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले होते, हात हलवत परत आले. ब्रॉंझ मिळालं ते १९५२ ला, हेलसिंकीत.

मी मूळची वाईची, आता अमेरिकेत इंडियाना राज्यात राहते. इथं शाळेच्या बास्केटबॉल मॅचला सगळं गाव लोटतं, आजी-आजोबासुद्धा. मुलगा खेळतो म्हणून मी पण जायला लागले आणि वाईची आठवण येऊन गलबलतं. तिकडं असं का होत नाही? (एक वाचक)

ताई, तुम्ही नेमक्या त्या राज्यात जाऊन पडलाय जिथं हायस्कूल बास्केटबॉल म्हणजे गावची जत्राच. तिथल्या लोकांना विचारा, १९५४ ची मिलान गावच्या शाळेची गोष्ट सगळे सांगतील. जेमतेम १६१ मुलांची शाळा, राज्याच्या फायनलला मन्सी सेंट्रलसारख्या तगड्या शाळेसमोर, ३०-३० वर बरोबरी, आणि बॉबी प्लंप नावाच्या पोराने शेवटच्या क्षणी शॉट टाकून ३२-३० ने जिंकून दिलं. तेव्हा सगळ्या शाळा, छोट्या-मोठ्या, एकाच ड्रॉमध्ये, म्हणजे एकाच स्पर्धेत, असायच्या. १९९७ नंतर त्यांनी शाळेच्या आकारावर वर्ग पाडले, आणि त्यावर तिथं लोक अजून भांडतात. मला स्वतःला एकच ड्रॉ आवडतो, आपल्याकडं तसाच आहे, आश्रमशाळेची पोरगी आणि शहरातल्या मोठ्या शाळेची पोरगी एकाच रेषेवर उभ्या असतात.

का होत नाही म्हणाल तर मला एक साधं कारण दिसतं, आपल्या मॅचेस असतात आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दहा-अकराला. आईबाप शेतावर नाहीतर कामावर, बाकी पोरं वर्गात. बाद पद्धत, हरलं की वर्ष संपलं, त्यामुळं गावाला टीमची सवयच लागत नाही. तिकडं संध्याकाळी, दिवे लावून, सगळा हिवाळाभर मॅचेस चालतात. कुस्तीचा फड भरला की हेच आपलं गाव झाडावर चढून बघतं, म्हणजे माणसांना आवड नाही असं मी मानणार नाही. दोन-तीन शाळांनी मिळून शनिवारी संध्याकाळी मॅच ठेवली तर गाव येईल, मी हे पी.टी. सरांना भेटेल तिथं सांगतोय.

तुम्ही एक करा, पुढच्या वेळी वाईला याल तेव्हा तिथल्या वेळा, तिकीट, चहाची टपरी कोण चालवतं, पैसे शाळेला कसे जातात, हे नीट बघून आपल्या जुन्या शाळेत येऊन सांगा. मुख्याध्यापक ऐकतात माहेरवाशिणीचं.

नातू ८०० मीटर पळतो. मी आतल्या कडेने त्याच्या बरोबर थोडं पळत पळत ओरडलो तर एका पंचाने मला हाकललं. माझं काय चुकलं? (एक आजोबा, म्हसवड)

आजोबा, पंच बरोबर होते. शर्यतीत नसलेल्या माणसाने बरोबर पळून वेग धरून दिला तर ती मदत धरतात, आणि त्याची शिक्षा तुम्हाला नाही, नातवाला होते, बाद करू शकतात त्याला. तुम्ही ग्राउंडच्या बाहेर, दुसरं वळण सुरू होतं तिथं, साधारण शेवटचे २०० मीटर राहतात तिथं उभे राहा. सगळे फिनिशला असतात, तिथं कोणी नसतं, आणि पोरगं तिथंच सगळ्यात जास्त एकटं असतं. नावाने एकदाच मोठ्यांदा हाक मारा.