संघ हरतोय म्हणून कोच बदलायचा का?

हंगाम निम्मा सरला की खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हा प्रश्न हमखास येतो: "संघ हरतोय, कोच बदलू का?" विचारणारा बहुतेक वेळा मॅनेजर किंवा समितीचा पदाधिकारी असतो. उत्तर त्याच्या मनात ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो.

अशाच एका बास्केटबॉल क्लबचे मॅनेजर माझ्याकडे आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नऊपैकी सात सामने हरलेले. कोच त्यांचा जुना मित्र, एकेकाळी दोघं एकाच संघातून खेळलेले. समितीनं तगादा लावला होता. "मॅडम, काढला तर मैत्री जाते, ठेवला तर संघ जातो," ते म्हणाले. रात्र रात्र झोप नव्हती.

मी त्यांना त्या सात सामन्यांच्या स्कोअरशीट घेऊन यायला सांगितलं. सातपैकी चार पराभव तीन किंवा त्याहून कमी गुणांनी झाले होते. म्हणजे शेवटच्या मिनिटातला एखाद-दुसरा शॉट रिंगवरून बाहेर न जाता आत पडला असता, तर ते निकाल फिरू शकले असते. शिवाय मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे चाली रचणारा खेळाडू, घोटा दुखावल्यामुळे पाच सामने बाहेर होता. यात कोचचा दोष किती? पराभवांची रांग लागते तेव्हा संघ बऱ्याचदा स्वतःच्या कुवतीच्याही खाली घसरलेला असतो. जखमी खेळाडू परततो, अटीतटीचे काही सामने आपल्या बाजूनं लागतात आणि संघ आपोआप थोडा वर येतो. नेमका त्याच सुमारास नवा कोच आलेला असला, तर श्रेय त्याला मिळतं.

मॅनेजर बास्केटबॉल कोळून प्यायलेले. ते लगेच म्हणाले, "मग क्लीव्हलँडचं काय?" जानेवारी 2016 मध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सनी डेव्हिड ब्लॅटना काढलं, टायरन लू आले आणि जूनमध्ये संघ एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, विजेता झाला. उदाहरण खरंच आहे. पण ब्लॅटना काढलं तेव्हा तो संघ हरत नव्हता. 30 विजय, 11 पराभव, आणि आपल्या विभागात तो अव्वल होता. संघात हवा तो एकोपा दिसत नाही, असं व्यवस्थापनाचं म्हणणं होतं. उलट बाजूचं उदाहरणही आहे. जानेवारी 2024 मध्ये एनबीएतल्याच मिलवॉकी बक्सनं 30 विजय आणि 13 पराभव खात्यावर असताना एड्रियन ग्रिफिनना काढलं. त्यांच्या जागी आलेल्या डॉक रिव्हर्स यांच्या हाताखाली संघानं उरलेल्या साखळीत 17 सामने जिंकले, 19 हरले आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात तो बाहेर पडला. गुणतक्ता बघून यातलं काहीच आधी सांगता आलं नसतं.

मला स्वतःला एनबीएतल्याच मायामी हीट संघाचा कारभार बघणाऱ्या पॅट रायलींचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. 2005 मध्ये मायामी हीटची सुरुवात 11 विजय आणि 10 पराभव अशी झाली. कोच स्टॅन व्हॅन गंडी पायउतार झाले, रायली स्वतः कोच म्हणून उभे राहिले आणि 2006 चं विजेतेपद मिळालं. 2010 मध्ये लेब्रॉन जेम्ससारखा बडा खेळाडू आल्यावर त्याच संघाची सुरुवात 9 विजय आणि 8 पराभव अशी झाली, तेव्हा रायलींनी पुन्हा सूत्रं हाती घ्यावीत म्हणून केवढी ओरड झाली. ते हलले नाहीत. कोच एरिक स्पोल्स्ट्रा टिकले आणि 2012 व 2013 ही दोन्ही विजेतेपदं त्यांनी मिळवली. क्लब तोच, अधिकार असलेला माणूसही तोच, सुरुवातही जवळपास सारखीच, तरी निर्णय वेगळे.

मग बघायचं काय? मी मॅनेजरांना सांगितलं, पुढच्या दोन सामन्यांत बॉलकडे बघू नका. कोणाला तरी फक्त आपल्या बेंचचं चित्रण करायला बसवा. टाइमआउट एका मिनिटाचा असतो आणि त्या मिनिटात कोचची पत जेवढी दिसते तेवढी कुठेच दिसत नाही. खेळाडू कोच चाल आखून दाखवतो त्या बोर्डाकडे बघतात की प्रेक्षकांकडे? कोच वळला की कॅप्टन वेगळंच काही समजावतो का? खेळ सुरू झाल्यावर जे आखून दिलं ते पहिल्या चालीत निदान करून बघतात का? आणि बॉल गमावल्यावर पाचही जण जीव तोडून मागे धावतात का? खेळाडूंचा विश्वास उडाला की सगळ्यात आधी हे मागे धावणं बंद होतं.

चित्रण आम्ही एकत्र बसून पाहिलं. मोठे खेळाडू कान देऊन ऐकत होते. कॅप्टननं मध्येच प्रश्न विचारला, कोचनं बोर्डावरची रेघ पुसून बदलली, आणि पुढच्याच चालीत मोकळा शॉट मिळाला. तो चुकला, पण मिळाला. मॅनेजरांचा चेहरा खुलला. मग मी त्यांना बेंचचं टोक दाखवलं. सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या, जागी खेळणाऱ्या एका तरुण मुलाचा पास चुकला, त्याला लगेच बाहेर घेतलं. तो कोचच्या शेजारून गेला, कोचनं मान वळवली नाही. मुलगा टोकाला जाऊन टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. शेजारच्यानंही त्याला काही विचारलं नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मुलाच्या बाबतीत हेच घडलं. मॅनेजरांनी तो भाग तीनदा मागे घेऊन पाहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. कोच हात उगारत असेल, खेळाडूचा सर्वांसमोर अपमान करत असेल किंवा जखमी खेळाडूला दडपणाखाली उतरवत असेल, तर हंगाम संपायची वाट बघायची नसते. संघ पहिल्या क्रमांकावर असला तरीही. इथे तसं नव्हतं. कोचच्या संमतीनं मी खेळाडूंशी एकेकट्यानं बोलले. त्याच्या जाणकारीवर सगळ्यांचा भरवसा होता. धाकटे मात्र म्हणाले, "चुकलो की बेंच. का, ते कुणी सांगत नाही." आणखीही एक गोष्ट कळली. समितीतलं एक जण प्रत्येक पराभवानंतर खेळाडूंना परस्पर फोन करत होतं. कोचच्या पाठीमागे असे फोन सुरू असले, तर कितीही चांगला कोच टिकणार नाही.

मॅनेजरांनी कोचला समोर बसवून मोघम न बोलता तीन गोष्टी सांगितल्या. बाहेर घेतलेल्या खेळाडूला त्याच सामन्यात कारण सांगायचं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी, अगदी बाराव्या खेळाडूशीही, स्वतंत्र बोलायचं. आणि समितीचे फोन बंद, ती जबाबदारी मॅनेजरांची. हंगाम संपेपर्यंत बदलाची चर्चा नाही, आणि शेवटी निर्णय याच गोष्टींवर घ्यायचा, हेही तेव्हाच ठरलं.

पॉइंट गार्ड परतला, संघ जिंकू लागला. फोन थांबले. कोच कारणं सांगू लागला, सुरुवातीला अवघडत, मग बऱ्यापैकी. स्वतंत्र बोलणं मात्र काही आठवड्यांतच बारगळलं. विजय मिळत होते, त्यामुळे त्याला त्याची गरज वाटेना. हंगामाच्या शेवटी दोन्ही तरुण खेळाडूंनी क्लब सोडायचं ठरवलं होतं. आणि आता समितीला हाच कोच हवा होता!

मॅनेजर पुन्हा आले. "हरत होतो तेव्हा ठेवला, आता जिंकतोय तर काढू? लोक काय म्हणतील?" मी विचारलं, आधी ठरवलेल्या गोष्टींपैकी राहिलं काय? उत्तर त्यांना माहीत होतं. ज्या क्लबचं पुढचं सगळं तरुण खेळाडूंवर उभं आहे, तिथे त्यांना वाढवू न शकणारा कोच बदलावा, असं माझंही मत होतं आणि आहे.

करार पुढे वाढवला नाही. ही बातमी मित्राला खेळाडूंच्या आधी, प्रत्यक्ष भेटून आणि कारणासकट द्यायची, एवढा माझा आग्रह होता. तो भडकला. कित्येक महिने दोघं बोलत नव्हते, आता भेटले तर बोलतात. नवा कोच निवडताना मॅनेजरांनी उमेदवारांची मुलाखत कार्यालयात घेतली नाही. प्रत्येकाला बेंचवरचे शेवटचे पाच खेळाडू दिले, एका सरावाची वेळ दिली आणि स्वतः कडेला बसून बघितलं.