ह्याच्या पायात वजन कुठंय?

प्रश्न : मी तासगावची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत असताना इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली होती. मधे चित्रकला सुटली, ती आता परत धरलीय. मनुष्याकृती शिकायची आहे, पण समोर बसायला घरात कुणी तयार नाही. आई म्हणते, मी बसले तर भाकरी कोण करणार? म्हणून मोबाइलवरचे फोटो बघून काढते. चेहरा बरा जमतो, पण अख्खा माणूस काढला की कापडदुकानातल्या पुतळ्यासारखा ताठ येतो. ओळखीचे एक सर म्हणाले, फोटोवरून काढणं म्हणजे कॉपी, त्यातून काही शिकता येत नाही. बंद करू का?

उत्तर : बंद कशाला करतेस? राजा रविवर्माही फोटोंचा आधार घेत असत. त्यांना कॉपीबहाद्दर म्हणणार का, असं तुझ्या सरांना विचार. नको, राहू दे. सरांचंही थोडं बरोबर आहे, आणि ते मला सांगलीच्या मार्केट यार्डात एका हमालानं शिकवलं.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. हळदीचं पोतं पाठीवर घेऊन निघालेल्या हमालाचा एक फोटो मित्रानं काढून दिला होता. त्यावरून मी मोठं चित्र केलं. पाठीचे स्नायू, डोक्याचं मुंडासं, पोत्याची सुतळी, सगळं हौसेनं रंगवलं. फोटो घोट्याशी कापला गेला होता, म्हणून पावलं मनानंच काढली. चित्र घेऊन ऐटीत यार्डात गेलो. एका म्हाताऱ्या हमालानं ते लांब धरून बघितलं. "झ्याक हाय सर," म्हणाला. मग थोडं थांबून, "पर ह्यानं पोतं उचललंच न्हाई. ह्याच्या पायात वजन कुठंय?"

आणि त्यानं शेजारचं पोतं पाठीवर घेऊन दाखवलं. पायाची बोटं फाकून जमिनीला धरलेली. मान पुढं, कंबर मागं, आणि पाऊल टाकायच्या आधी सगळा भार एका पायावर गेलेला. माझ्या चित्रातला गडी दोन्ही पावलं सपाट टेकून फोटोला उभा राहिल्यासारखा होता. पोतं त्याच्या पाठीला खळीनं चिकटवल्यासारखं दिसत होतं.

तुझा माणूस ताठ येतो तो बहुधा याचमुळं. फोटोत कडा आयती मिळते, म्हणून आपण डोक्यापासून कडेकडेनं पेन्सिल फिरवत खाली येतो. वजन काही कडेवर दिसत नाही, ते शोधावं लागतं. फोटो समोर ठेवलास की आधी भार कुठल्या पायावर आहे ते बघ. मग गळ्याच्या खळगीतून गवंड्यासारखा ओळंबा सोड. माणूस एका पायावर रेलून उभा असेल तर ओळंबा त्याच पावलाजवळ पडतो. त्या बाजूचं कुल्लं वर चढलेलं असतं आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली आलेला असतो. कुल्ल्याची आणि खांद्याची अशा दोन तिरप्या रेघा आणि ओळंब्याची रेघ, एवढंच काढ, दोन मिनिटांत. नाक-डोळ्यांना हात लावायचा नाही. मग स्वतः आरशासमोर तसंच उभं राहून बघ, कुठं ताण येतो ते कळेल. शेवटी फोटो पालथा टाकून तीच आकृती आठवून काढ. पहिल्यांदा फार वाईट येईल. फोटो उलटून ताडून बघ. शिकणं होतं ते इथं, आणि सर म्हणतात ती निव्वळ कॉपी करणारा नेमकं हेच टाळतो.

शक्य तितके फोटो स्वतः काढ. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद बघतो. हातभर अंतरावरून काढलंस तर नाक मोठं येतं, कान मागं पळतात. दहा-बारा फुटांवर उभी राहा, झूम दुप्पट कर आणि मोबाइल समोरच्याच्या कमरेच्या उंचीला धर. आपण उभं राहून डोळ्याशी धरतो आणि मग डोकं मोठं, पाय आखूड येतात. माणूस चौकटीच्या मधोमध घे, कडेला तो ताणला जातो. फ्लॅश बंद. दाराच्या एका बाजूनं येणारा उजेड पुरे. आणि पावलं कापू नकोस, ते आमचं झालंय करून.

आईला बसवू नकोस, तिला भाकरी थापू दे. हात, खांदे, पाठ दर थोड्या वेळानं त्याच जागी परत येतात, अशी मॉडेल कुठल्या कला महाविद्यालयातही मिळायची नाही. आधी समोर बघून काढ आणि फोटो नंतर पडताळायला ठेव. साडीच्या चुण्या मोजत बसू नकोस. खांदा, कुल्लं, गुडघा जिथं कापडाला आतून ढकलतात तिथून चुण्या निघतात, तेवढ्या जागा धर. सुट्टीत मिरज जंक्शनवर जाऊन बस. गाडीची वाट बघणारी माणसं पेंगतात, बॅगेवर रेलतात, भरपूर वेळ देतात. फोटो काढायचा असेल तर मात्र विचारून काढ.

एडवर्ड मायब्रिज या जुन्या काळच्या छायाचित्रकाराचे फोटोही बघ. 1887 साली त्यांनी चालणाऱ्या, जिना चढणाऱ्या, वजन उचलणाऱ्या माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालींचे 781 तक्ते प्रसिद्ध केले. एकाच हालचालीचे ओळीनं फोटो असल्यामुळं भार या पायावरून त्या पायावर कधी जातो ते दिसतं. ते आता कुणालाही वापरता येतात. बाकी लोकांचे फोटो सरावाला घे, पण चित्र विकायचं किंवा प्रदर्शनात लावायचं असेल तर फोटो काढणाऱ्याची परवानगी लागते.

जमलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालयात जाऊन ये. रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत तिथं. चेहरे सगळेच बघतात, तू हात आणि पावलं बघ.

प्रश्न : फोटोवर चौकटी पाडून माणूस काढला तर चालतं का? आणि माणूस साडेसात डोकी धरायचा की आठ? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : भिंतीवर मोठं चित्र करायचं असेल तर चौकटी खुशाल पाडा. शिकायला नको, त्यात डोळा माप घ्यायचं सोडून रकाने भरत बसतो. डोक्यांचं म्हणाल, म्हणजे माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या किती पट धरायची ते, तर आठ डोक्यांचा माणूस चित्रातला, देखणा दिसावा म्हणून ताणलेला. आपल्याकडं रस्त्यावर साडेसात, सातसुद्धा भेटतील. वर्षाचं मूल साधारण चार डोक्यांचं असतं. मोठ्या माणसाच्या मापानं काढलंत तर ते बुटका पैलवान दिसेल.